बचावपटूची दुसरी कारकीर्द

तुझा प्रश्न असा आहे: वय १७, फुटबॉलमध्ये आतापर्यंत मधल्या फळीत खेळत होतास, या हंगामापासून प्रशिक्षकांनी सेंटर बॅकला, म्हणजे गोलसमोर बचावाच्या मध्यभागी, उभं केलंय. उंची १७५ सेंटिमीटर, वेग बेताचा. याला बढती समजायचं की शिक्षा, आणि मोठ्या बचावपटूंच्या कारकिर्दी पाहिल्या तर आपल्यासारख्याला त्यात काही आशा दिसते का? मी बरीच वर्षं बचावात खेळलो आणि त्याहून जास्त वर्षं बचावपटूंना शिकवतोय. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीने वाच.

आशा आहे, हे आधीच सांगून टाकतो. मोठ्या बचावपटूंपैकी बहुतेकांच्या एका कारकिर्दीत दोन दडलेल्या असतात. पहिली पायांवर चालते: वेग, उडी, टॅकल (पाय घालून चेंडू काढून घेणं), दम. विशीच्या शेवटाला किंवा तिशी ओलांडताना कधीतरी ती आटोपते. कुणाचा गुडघा जातो, कुणाची मैदानावरची जागा बदलते, कधी खेळाचे नियमच बदलतात. दुसरी त्यानंतर सुरू होते, आणि ती डोळ्यांवर आणि तोंडावर चालते. ज्यांना ही दुसरी जमली, त्यांचीच नावं आपण आज घेतो. तुझ्याकडे पहिलीचं भांडवल कमी आहे, म्हणून दुसरीची तयारी तुला इतरांच्या आधी सुरू करावी लागेल.

मागे ढकललं गेल्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. या जागेवर सुरुवातीपासून खेळलेले मोठे खेळाडू शोधायला गेलास तर कमीच सापडतील. फ्रान्झ बेकनबाउअर १९६६च्या विश्वचषकात मधल्या फळीत होता, चार गोल केले आणि अंतिम सामन्यात बॉबी चार्ल्टनला रोखण्याचं काम त्याच्याकडे होतं. लिबेरो, म्हणजे बचावाच्या मागे मोकळा फिरणारा खेळाडू, म्हणून जग त्याला ओळखतं ते त्यानंतरचं. कार्लेस पुयोल लहानपणी गोलरक्षक होता, मग आघाडीला खेळला, बार्सिलोनाच्या मुख्य संघात आला तो राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू, म्हणून, आणि नंतर मध्यभागी स्थिरावला. सर्जिओ रामोस २०१०चा विश्वचषक राइट बॅक म्हणूनच जिंकला. जॉर्जो किएल्लिनीची सुरुवात लेफ्ट बॅकची. मधल्या फळीतून मागे येणाऱ्याला एक फायदा आयता मिळतो: चेंडू पायात असताना तो घाबरत नाही. आज सेंटर बॅककडून पहिली अपेक्षा तीच असते.

उंचीबद्दल मात्र खोटा दिलासा देणार नाही. १७५ ही या जागेसाठी कमीच उंची आहे आणि कडेवरून गोलसमोर उंच चेंडू (क्रॉस) येतील तेव्हा ते तुला जाणवेल. पण फ्रँको बारेसी आणि फाबिओ कानावारो, दोघेही साधारण १७६चे. बारेसीला मिलान शहरातल्या इंटर क्लबने लहानपणी नाकारलं होतं, त्याच्या थोरल्या भावाला घेतलं आणि याला नाही. तो शहरातल्या दुसऱ्या क्लबात, एसी मिलानमध्ये गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. मिलान दोनदा दुसऱ्या श्रेणीत घसरला, एकदा १९८०मध्ये सामना-निश्चितीच्या प्रकरणात शिक्षा म्हणून आणि एकदा १९८२मध्ये सरळ खेळून हरल्यामुळे. दोन्ही वेळा तो क्लब सोडून गेला नाही. सातशेच्या वर सामने, आणि निवृत्तीनंतर क्लबने त्याचा सहा नंबर कायमचा बाजूला ठेवला.

कानावारोचे जुने सामने पाहशील तर हेडरच्या वेळी तो उडी कधी घेतो ते बघ. स्ट्रायकरच्या आधी घेतो. आधी वर पोहोचलेल्या माणसाला खालून येणारा ढकलू शकत नाही, ढकललं तर फाउल मिळतो. दुसरं, तो स्ट्रायकरला चिकटून उभा राहत नाही. हातभर अंतर ठेवतो आणि चेंडू हवेत असताना ते अंतर धावून भरून काढतो, कारण उभ्याने मारलेली उडी आणि दोन पावलं धावून मारलेली उडी यांत फार फरक पडतो. उंच माणसाला हे शिकावंच लागत नाही, म्हणून बऱ्याच उंच सेंटर बॅकना ते शेवटपर्यंत येत नाही.

आता वेग. बॉबी मूर संथ होता, हेडरमध्येही काही खास नव्हता, आणि तरीही इंग्लंडकडून १०८ सामने खेळला, १९६६ला कर्णधार म्हणून विश्वचषक उचलला. १९७०च्या विश्वचषकात ग्वादालाहाराला ब्राझीलविरुद्ध जर्झिन्यो चेंडू घेऊन त्याच्या अंगावर येतो, तो प्रसंग शोधून बघ. मूर मागे मागे सरकत राहतो, घाई करत नाही, पेनल्टी क्षेत्रात आल्यावर एकाच टॅकलमध्ये चेंडू काढून घेतो आणि लगेच पुढे चालू लागतो. इंग्लंड तो सामना ०-१ हरलं, गोलही जर्झिन्योनेच केला. पण तो टॅकल लोक अजून दाखवतात. माझ्या खेळाडूंना मी टॅकलपेक्षा आधीची ती काही सेकंदं दाखवतो. त्याचे खांदे तिरपे आहेत, एक पाय मागे आहे, जर्झिन्योला ज्या बाजूला जावंसं वाटेल ती बाजू त्याने आधीच ठरवून ठेवलीय.

हे शिकता येतं का? येतं, आणि बऱ्यापैकी लवकर येतं, फक्त कुणीतरी सांगावं लागतं. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या मधल्या खेळाडूकडे असेल तर चेंडूकडे बघत बसू नकोस, त्या खेळाडूच्या मानेकडे बघ. मान वर असून अंगावर कुणी नसेल, तर लांब पास येऊ शकतो, लगेच दोन पावलं मागे. मान खाली गेली, किंवा त्याने तुझ्या गोलकडे पाठ केली, किंवा आपला कुणी त्याच्या अंगावर गेला, तर लांब पास येणार नाही. ती दोन पावलं पुढे घे आणि बाकीच्यांनाही घ्यायला लाव. संपूर्ण सामन्यात हे मागे-पुढे चालूच राहतं. मागच्या दोन पावलांनी तुझा कमी वेग झाकला जातो, पुढच्या दोन पावलांनी प्रतिस्पर्ध्याची जागा आक्रसते. चेंडू बाजूच्या रेषेजवळ गेला की कंबर अर्धी वळवून उभा राहा, म्हणजे चेंडू आणि तुझा माणूस दोन्ही एका नजरेत राहतील. आणि दर दोन-तीन सेकंदांनी खांद्यावरून मागे बघ. ही शेवटची सवय सर्वांत कंटाळवाणी आहे आणि सर्वांत आधी सुटते.

पाओलो माल्दिनीवर मी नेहमीच जास्त वेळ घालवतो, इथेही घालवणार आहे, कारण दुसरी कारकीर्द म्हणजे काय ते त्याच्याइतकं स्वच्छ कुणातच दिसत नाही. २० जानेवारी १९८५ला, सोळा वर्षांचा असताना तो उदिनेसेविरुद्ध बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला. थांबला २००९मध्ये, चाळिसाव्या वर्षी. मधे फक्त एक क्लब, ९०२ सामने, आणि युरोपियन कप, म्हणजे आत्ताची चॅम्पियन्स लीग, पाच वेळा: १९८९, १९९०, १९९४, २००३, २००७. पहिल्या आणि शेवटच्या विजेतेपदात अठरा वर्षांचं अंतर. त्याचे वडील चेझारे माल्दिनी यांनी १९६३ला वेम्बलीवर हाच कप मिलानचे कर्णधार म्हणून घेतला होता. मुलाने २००३ला कर्णधार म्हणून घेतला तोही इंग्लंडमध्येच, मँचेस्टरला.

तो उजव्या पायाचा, पण लेफ्ट बॅकला खेळला. कडेने येऊन आत वळणारा आघाडीवीर (विंगर) आला की त्याचा मजबूत पाय नेमका त्या बाजूला तयार असायचा. बाहेरून जाणाऱ्याला डाव्याने अडवता यावं म्हणून डावा पाय त्याने इतका घडवला की नवख्या माणसाला मूळ पाय कोणता ते सांगता येऊ नये. १९८७ला आरिगो साक्की मिलानचे प्रशिक्षक झाले आणि तासोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी, माल्दिनी या चौघांकडून चेंडूशिवाय सराव करून घेऊ लागले. चेंडू अमुक जागी आहे असं समजायचं आणि चौघांनी मिळून सरकायचं, पुन्हा पुन्हा. पाहायला येणाऱ्यांना ते विचित्र वाटत असणार. पण माल्दिनी विशीतच दोरी बांधल्यासारखं इतर तिघांबरोबर सरकायला शिकला, आणि ते शिक्षण पाय थकले तेव्हा उपयोगी पडलं.

१९९४ साल या दृष्टीने महत्त्वाचं आहे. अथेन्सला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, समोर योहान क्रायुफची बार्सिलोना, रोमारिओ आणि स्तोइच्कोव्ह पुढे. मिलानचे दोन्ही सेंटर बॅक, बारेसी आणि कोस्ताकुर्ता, निलंबित. फाबिओ कापेल्लोंनी माल्दिनीला आत सरकवून फिलिप्पो गल्लीबरोबर उभं केलं आणि मिलान ४-० जिंकला. त्या हंगामाच्या इटालियन लीगमध्ये मिलानने ३४ सामन्यांत केवळ ३६ गोल केले, आणि तरी विजेतेपद मिळवलं, कारण खाल्ले फक्त १५. दोन महिन्यांनी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातही माल्दिनी मध्यभागीच होता. म्हणजे पंचविशीतच त्याला कळलं होतं की ही जागा आपल्याला जमते. तरी त्यानंतर वर्षानुवर्षं तो पुन्हा डावीकडे खेळला, आणि तिशी ओलांडल्यावर, आलेस्सांद्रो नेस्ता क्लबात आल्यानंतर, बहुतांशी मध्यभागी आला. २००७चा अंतिम सामना त्याने नेस्ताच्या शेजारी खेळला, ३८ वर्षांचा असताना.

या काळात त्याचे टॅकल कमी झालेले दिसतात. नुसत्या आकड्यांवरून कुणी म्हणेल की तो आळशी झाला. टॅकलचे आकडे बचावपटूबद्दल फार थोडं सांगतात, बऱ्याचदा उलटंच सांगतात. ज्याला सारखं जमिनीवर घसरावं लागतं तो सारखा उशिरा पोहोचत असतो. निवडकर्त्यांनी हे आकडे घेऊन माझ्याकडे येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आणि माल्दिनीला विश्वचषक मिळाला नाही, युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धाही नाही. इटलीकडून १२६ सामने, १९९४चा अंतिम सामना पेनल्टी शूटआउटमध्ये गेला, २००० साली युरोचा अंतिम सामना फ्रान्सविरुद्ध अतिरिक्त वेळेत गेला. २००२च्या विश्वचषकानंतर त्याने राष्ट्रीय संघ सोडला, पुढच्या विश्वचषकापर्यंत टिकला असता तर २००६ मिळाला असता. असो.

बचावपटूची कारकीर्द एकट्याची म्हणून वाचली तर चुकीची वाचली जाते. बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस, मिळालेले निव्वळ बचावपटू तीनच: बेकनबाउअर दोनदा, १९७२ आणि १९७६ला, माथियास झामर १९९६ला, कानावारो २००६ला. पहिले दोघे लिबेरो, वाटेल तेव्हा चेंडू घेऊन पुढे जाणारे, म्हणजे मत देणाऱ्यांना दिसणारे. कानावारो हा त्यांच्यातला एकटा असा की ज्याने फक्त अडवण्यासाठी बक्षीस घेतलं. त्या विश्वचषकात इटलीने दोनच गोल खाल्ले, एक स्वतःच्याच खेळाडूकडून आणि एक झिदानची पेनल्टी. नेस्ता गटसाखळीतच जखमी होऊन बाहेर गेला, मातेरात्झी आला, तरी भिंत हलली नाही. उपांत्य फेरीत डॉर्टमुंडला जर्मनीविरुद्ध अतिरिक्त वेळेच्या शेवटी कानावारो एक चेंडू डोक्याने बाहेर काढतो, आणि तो पडतो तिथे स्वतःच धावत पोहोचून परत मिळवतो. तिथून तोत्ती, जिलार्दिनो, देल पिएरो, गोल. ३२ वर्षांच्या सेंटर बॅकचं ते काम. तरीही माझं मत असं की ते बक्षीस अर्धं गोलरक्षक बुफोंचं होतं. विश्वचषकानंतर कानावारो युव्हेंटस सोडून रेआल माद्रिदला गेला आणि तिथे तो पूर्वीचा कानावारो फारसा दिसला नाही. शेजारचे चेहरे बदलले होते, संघ जास्त पुढे खेळत होता, पाठीमागे मोकळी जागा जास्त होती. माणूस तोच.

उलट उदाहरण इटलीच्या किएल्लिनी आणि बोनुच्चीचं. २०२१मध्ये वेम्बलीवर युरोच्या अंतिम सामन्यात एक ३६ वर्षांचा, दुसरा ३४ वर्षांचा. धावण्याच्या शर्यतीत इंग्लंडचा कुठलाही आघाडीवीर त्यांना मागे टाकेल. पण क्लबमध्ये वर्षानुवर्षं शेजारी उभं राहून एक पुढे गेला की दुसरा मागे थांबणार हे त्यांना विचारावं लागत नव्हतं. शेवटच्या मिनिटांत इंग्लंडचा साका सुटतोय असं दिसताच किएल्लिनीने त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं आणि पिवळं कार्ड शांतपणे घेतलं. हे खेळाडूवृत्तीला धरून आहे का, यावर माझ्या खेळाडूंमध्ये दर वेळी भांडण होतं. माझ्या मते कार्ड ही त्याची किंमत होती, ती त्याने भरली. तू असं करावंस का? मैदानाच्या मध्यावर, हंगामात क्वचित एकदा. सवय लावून घेऊ नकोस. गाएतानो शिरेआ आख्ख्या कारकिर्दीत एकदाही लाल कार्ड न घेता विश्वविजेता झाला, फिलिप लाम तसाच.

नियमांबद्दल थोडंच. १९८२ला इटलीच्या क्लाउडिओ जेंतिलेने माराडोनाला ज्या पद्धतीने रोखलं, तसं आज केलं तर तो मध्यंतरापर्यंत मैदानावर राहणार नाही. १९९०मध्ये बचावपटूच्या समांतर रेषेतला आघाडीवीर ऑनसाइड, म्हणजे नियमात, धरायला सुरुवात झाली. १९९२मध्ये गोलरक्षकाला परत दिलेला पास हाताने उचलायला बंदी आली, आणि ज्यांना चेंडू खेळवता येत नव्हता अशा बचावपटूंची एक पिढी अडचणीत आली. १९९८पासून पाठीमागून केलेल्या धोकादायक टॅकलवर सरळ लाल कार्ड. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणारे पंच, आल्यापासून पेनल्टी क्षेत्रात जर्सी ओढणं महाग झालंय. प्रत्येक बदल दांडगाईच्या विरोधात आणि वाचनाच्या बाजूने गेलेला आहे, म्हणजे तुझ्यासारख्याच्या बाजूने.

दुखापतींचा विषय टाळता येणार नाही. पॉल मॅग्राचे गुडघे इतके खराब होते की मँचेस्टर युनायटेडने १९८९ला त्याला जाऊ दिलं. ॲस्टन व्हिलामध्ये तो आठवडाभर जवळजवळ सराव न करता शनिवारी खेळायला उतरायचा, आणि १९९३ला इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंनी वर्षातला सर्वोत्तम म्हणून त्यालाच निवडलं. लेडली किंगचं टॉटनहॅममध्ये तसंच: गुडघ्यात कूर्चा उरलेली नव्हती, सराव जवळपास बंद, सामन्याच्या दिवशी मात्र तो उत्कृष्ट. या दोघांचे सामने सेंटर बॅकने मुद्दाम पाहावेत. वाया जाणारं एकही पाऊल त्यांना परवडत नव्हतं. पण यातून चुकीचा धडा घेऊ नकोस. किंगला ३१व्या वर्षी थांबावं लागलं, झामरची कारकीर्द बॅलन डी'ऑरनंतर वर्षभरातच गुडघ्याने संपवली. वेदना लपवून खेळणं हे धैर्य आहे असं तुला कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नकोस. बारेसी १९९४च्या विश्वचषकात गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन साडेतीन आठवड्यांच्या आत अंतिम सामना खेळला आणि रोमारिओ-बेबेटोला १२० मिनिटं गोल करू दिला नाही. मग पहिली पेनल्टी त्यानेच बारवरून मारली. त्याच्यामागे तेव्हा राष्ट्रीय संघाचे डॉक्टर होते, तुझ्यामागे नाहीत.

आणि घाई करू नकोस. व्हर्जिल व्हॅन डाइक विशीत नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन या मध्यम क्लबात होता, पोटातल्या गंभीर संसर्गामुळे रुग्णालयात जाऊन आला होता. तिथून सेल्टिक, मग साउथहॅम्प्टन. नेदरलँड्सकडून पहिला सामना २४व्या वर्षी. लिव्हरपूलने ७.५ कोटी पौंड मोजले तेव्हा तो २६चा होता आणि बऱ्याच जणांना तो आकडा वेडेपणा वाटला. २०१९ला बॅलन डी'ऑर मेस्सीकडून अवघ्या सात गुणांनी हुकला. २०२०ला गुडघ्याचं लिगामेंट गेलं, जवळजवळ पूर्ण हंगाम गेला, आणि २०२५ला तो लिव्हरपूलचा कर्णधार म्हणून लीग जिंकला. पूर्वीइतका तो पुढे झेपावत नाही. स्ट्रायकरला अर्ध्या मैदानापर्यंत सोबत करतो आणि पास द्यायला लावतो, एवढंच. ब्राझीलच्या थिआगो सिल्वाला २००५ला मॉस्कोत क्षयरोग झाला, कारकीर्द संपल्यातच जमा होती, तरी तो परत आला. पोर्तुगालचा पेपे २०२४च्या युरोत ४१ वर्षांचा असताना फ्रान्सविरुद्ध पूर्ण १२० मिनिटं उभा होता. स्ट्रायकरांमध्ये अशी नावं हाताच्या बोटांवर मोजावी लागतील.

तुला लगेच करण्यासारखं सांगतो. १९९४च्या विश्वचषकाचा अंतिम सामना मिळव. पहिल्या अर्ध्यात चेंडू दिसला नाही तरी चालेल, फक्त बारेसीकडे बघ, विशेषतः चेंडू इटलीच्या पायात असताना. तेव्हा तो कुठे उभा राहतो, कुणाला हात करून सरकवतो, किती वेळा मागे वळून बघतो ते वहीत लिही. मग तुझ्या पुढच्या सामन्याचं चित्रण कुणाला तरी करायला सांग, पण कॅमेरा चेंडूमागे न फिरवता चौघा बचावपटूंवर ठेवायला सांग. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. आणि या आठवड्यात तुमच्या गोलरक्षकाशी बसून हाका ठरवून घ्या: पुढे सरकायला एक शब्द, मागे यायला एक, पाठीमागे माणूस असेल तर एक. तीन पुरेत. सामन्यात पहिली हाक तू दे, वयाने मोठा सेंटर बॅक शेजारी असला तरी.